जुन्या गाडीच्या काचेवरचं रेडियम, फिल्म आणि उरलेला गम कसा काढावा

भाऊ, तुम्ही विचारलं ते असं: दारव्ह्याकडून जुनी बोलेरो घेतली. पुढच्या काचेवर आधीच्या मालकाच्या नावाचं रेडियम आहे, आतून कोपऱ्यात निवडणुकीच्या कामाचा कागद चिकटवलेला आहे. बाजूच्या काचांवरची काळी फिल्म जांभळी पडली आहे, मागच्या काचेवर फिल्म आणि तिच्यावर पुन्हा अक्षरं. शेजारचे म्हणतात, रॉकेल लाव आणि पत्तीने खरड, अर्ध्या तासात काच मोकळी. तसं करावं का?

रॉकेल चालतं आणि पत्तीही चालते, पण प्रत्येक काचेवर नाही. आणि अर्ध्या तासात तर हे काम होतच नाही. चारही बाजू नीट करायच्या असतील तर दोन सकाळी हाताशी ठेवा. मी दर्यापूर भागात रेडियम आणि गाडीच्या काचांचं काम करतो. लावणं आणि काढणं दोन्ही माझ्या हातून होतं. दुकानात येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं स्टिकर नसतंच, घरी स्टिकर काढताना पडलेले ओरखडे असतात. गम कधीही काढता येतो, आज नाही निघाला तर उद्या निघेल. काचेवर खोल ओरखडा पडला की तो तिथेच राहतो. तो पॉलिश करून घालवायचा तर आजूबाजूची काच घासून खाली न्यावी लागते. मग त्या जागी खळगा तयार होतो आणि त्यातून रस्ता वाकडा दिसतो. ड्रायव्हरच्या नजरेसमोर ओरखडा असेल तर दिवसा जाणवत नाही. रात्री नागपूर-तुळजापूर रस्त्यावर समोरून ट्रक आला की सगळा उजेड त्या रेघेवर फुटतो आणि क्षणभर काहीच दिसत नाही. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो, घाई करू नका.

आधी काच ओळखा. पुढची काच दोन काचांची असते, मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पडदा दाबलेला असतो, म्हणून ती फुटली तरी जागेवर राहते. बाजूच्या आणि मागच्या काचा साधारणपणे एकेरी, तापवून झटक्यात थंड करून कडक केलेल्या असतात. त्या फुटल्या की ज्वारीच्या दाण्यांसारखा चुरा होतो. पुढच्या काचेला गिट्टीचा टवका उडालेला आहे का, हे काम सुरू करण्यापूर्वी बोट फिरवून पाहा. टवका असेल तर तिथे गरम पाणी नको, गरम हवा नको, दाबही नको. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर बोअरचं थंड पाणी ओतलं की टवक्यापासून तडा सरकत जातो, हे आपल्याकडे दर उन्हाळ्यात घडतं. काच सावलीत आणून हाताला सोसेल इतकी निवू द्यावी, मगच पाणी लावावं.

वेळ ऋतूप्रमाणे निवडा. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत काम उरका, कारण नंतर गम पातळ होऊन तारा सुटतात आणि लावलेलं स्पिरिट काम करायच्या आधीच उडून जातं. डिसेंबर-जानेवारीत उलट करा. पहाटेच्या गारठ्यात रेडियम काचेसारखं कडक झालेलं असतं आणि तुकड्या-तुकड्यांनी निघतं. गाडी दहा-साडेदहापर्यंत कोवळ्या उन्हात उभी ठेवा, मग हात लावा.

सगळ्यात आधी धुणं. हा भाग लोकांना फालतू वाटतो, पण निम्मे ओरखडे इथेच टळतात. साधी काच काय आणि पत्ती काय, दोन्हींपेक्षा वाळूचा कण कठीण असतो. कठीणपणा मोजायच्या मोह्स मापनश्रेणीत काच साधारण साडेपाच आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७. म्हणजे पत्तीने काच सहसा कापली जात नाही, पत्तीखाली अडकलेल्या कणाने कापली जाते. गावरस्त्यावरचा मुरूम, नदीच्या वाळूच्या ट्रॅक्टरमागून येणारी धूळ, वणी-चंद्रपूरकडे फिरणारी गाडी असेल तर कोळशाची भुकटी, हे सगळं स्टिकरच्या कडेला गमात रुतून बसलेलं असतं. आधी नुसत्या पाण्याची धार सोडा. नंतर लिटरभर पाण्यात भांडी धुण्याच्या लिक्विडचा छोटा चमचा टाकून मऊ सुती कापडाने पुसा, आणि कापड दर दोन पुसण्यांनी उलटा. स्टिकरची कड जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने मोकळी करा. आतल्या बाजूला काम करताना डॅशबोर्डवर जुना जाड टॉवेल अंथरा. मागच्या बाजूला स्पीकर असतील तर तेही झाका, साबणाचं पाणी तिथेच जाऊन साचतं.

आता तो निवडणुकीचा कागद. असे कागद बहुतेक वेळा खळीने किंवा पांढऱ्या फेविकॉलने लावलेले असतात. दोन्हींवर कोमट पाणीच औषध. कापड भिजवून कागदावर चिकटवून ठेवा, वाळायला लागलं की पुन्हा भिजवा. अर्ध्या-पाऊण तासाने कागद लगद्यासारखा सुटतो. इथे रॉकेल लावाल तर उलट होईल, तेल मुरलेल्या कागदात पाणी शिरत नाही आणि सोपं काम अवघड होतं. कागदावर वरून पारदर्शक सेलोटेप मारली असेल तर आधी ती सोला, नाहीतर पाणी खालपर्यंत पोचणार नाही.

रेडियम वेगळी गोष्ट आहे. आपण ज्याला रेडियम म्हणतो ती बहुतेक वेळा विनाइलची म्हणजे पीव्हीसीची पातळ शीट असते. नवी असताना ती मऊ असते, कारण तिच्यात मऊपणा देणारं द्रव्य मिसळलेलं असतं. आपल्याकडच्या उन्हात वर्षानुवर्षं राहिली की ते द्रव्य निघून जातं, शीट आक्रसते, तडकते आणि नखाने उचललं की टिकलीएवढा तुकडा हातात येतो. अशा वेळी जोर लावून उपयोग नाही, ऊब लागते. घरात केस वाळवायचं मशीन असेल तर वीतभर अंतरावरून हलवत-हलवत हवा द्या, एका जागी धरू नका. नसेल तर गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला टॉवेल अक्षरांवर दोन-तीन मिनिटं दाबून ठेवा. बोट ठेवलं तर गरम लागेल पण चटका बसणार नाही, इतकी ऊब पुरे. हार्डवेअरवाल्याकडची हीट गन मात्र काचेजवळ नेऊ नका, तिची हवा काही शे अंश तापमानाची असते.

ऊब दिली की अक्षराचा कोपरा उचला आणि शीट सरळ तुमच्याकडे ओढू नका. ती स्वतःवरच मागे दुमडून, काचेला जवळजवळ समांतर ठेवून, अगदी सावकाश ओढा. सावकाश ओढलं तर गम शीटसोबत येतो, झटका दिला तर शीट येते आणि गम काचेवर राहतो. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोट्ट्यांना ही एकच गोष्ट शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. हाताला वाटतं आपण काहीच करून नाही राहिलो, म्हणून ते ओढतात आणि मग गम काढण्यात दुपार जाते.

तरी गम उरतोच. खरं काम इथून सुरू होतं, आणि इथेच लोक एकावर एक काहीही लावत सुटतात. आधी गम कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. स्वस्त स्टिकर, ब्राऊन टेप, किमतीची लेबलं यांचा गम बहुधा रबराचा असतो. जुना झाला की पिवळा-तपकिरी पडतो आणि अंगठा दाबला तर तार सुटते. चांगलं रेडियम, काचेची फिल्म, फास्टॅग यांचा गम ॲक्रिलिकचा असतो. तो पांढुरका-पारदर्शक राहतो, उन्हाने आणखी घट्ट होतो आणि रॉकेलला फारसा दाद देत नाही. ओळख पटत नसेल तर एका कोपऱ्यात खोबरेल तेलाचा थेंब ठेवा, दुसऱ्या कोपऱ्यात हात धुवायच्या पातळ सॅनिटायझरचा. सॅनिटायझर उडून जातो, म्हणून तिथे भिजलेला कापूस धरून ठेवा. दहा मिनिटांनी दोन्हीकडे बोटाने चोळून पाहा. जिथे गमाच्या शेवया होऊन सुटतात, ते तुमचं औषध. एवढ्या एका परीक्षेने अर्धा दिवस वाचतो.

रबराच्या गमाला तेल पुरतं. खोबरेल, शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, जे घरात असेल ते. नुसतं चोळू नका, तेल लावून त्यावर टिश्यू किंवा कागदाची पट्टी चिकटवा, म्हणजे ते ओघळत नाही. वीस-तीस मिनिटं सोडा. तेल गमात मुरून त्याची काचेवरची पकड सोडवतं, तुमचा हात फक्त पुसायला लागतो. जवसाचं तेल मात्र लावू नका. आपल्याकडे ते घरोघरी सहज सापडतं म्हणून मुद्दाम सांगतो. जवसाचं तेल हवेत वाळून कडक पापुद्रा धरतं, याच गुणामुळे ते रंगात वापरतात. काचेवर राहिलं तर गमापेक्षा जास्त त्रास देईल. शिवाय त्याने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. लावलंच असेल तर चिंध्या पाण्यात बुडवा किंवा मोकळ्यावर पसरून वाळवा.

वरुड-मोर्शी, काटोलकडे संत्र्याच्या बागा आहेत, आणि संत्र्याची साल या कामात खरंच उपयोगी पडते. सालीतल्या तेलात मोठा भाग लिमोनिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते रबराचा गम विरघळवतं. साल ताजी हवी. वाळलेल्या सालीतलं तेल बरंचसं उडून गेलेलं असतं. साल गमावर उलटी धरून वाकवली की बारीक फवारा उडतो, तोच कामाचा. संत्र्याचा किंवा लिंबाचा रस चोळणारे लोक मी पाहतो. आंबट रस गम काढत नाही, काम सालीतलं तेल करतं. हेल्मेटच्या काचेसारख्या प्लास्टिकवर मात्र ही साल चोळू नका, काही प्लास्टिक लिमोनिनने खराब होतं. एखाद-दुसऱ्या छोट्या ठिपक्याला साल बरी, अख्ख्या बोलेरोला पुरणार नाही. मोठ्या जागेला मेडिकलमधलं निलगिरी तेल याच पद्धतीने काम करतं, फक्त महाग पडतं.

आता रॉकेल. रेशनचं रॉकेल बऱ्याच गावांत मिळेनासंच झालं आहे, पण कुणाकडे डबकी असते. रबराच्या गमावर ते काम करतं हे खरं. धोका असा की रॉकेलची वाफ साधारण ३५ ते ४० अंशांपासून पेट घेण्याजोगी होते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ च्या घरात जाते आणि बंद गाडीत त्याहून बरीच जास्त असते. म्हणून रॉकेल फक्त बाहेरच्या बाजूने, सावलीत, कापडाला लावून वापरा, आणि आसपास कुणी विडी पेटवणार नाही याची खात्री करा. पेट्रोल तर हातातच घेऊ नका, ते कडाक्याच्या थंडीतही वाफेने पेट घेतं. गाडीच्या आत बसून पेट्रोलने काच पुसणारा माणूस दिसला की मी त्याला हाताला धरून बाहेर काढतो.

ॲक्रिलिक गमाला स्पिरिट लागतं. सर्जिकल स्पिरिट, सॅनिटायझर, नाहीतर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोनवालं रिमूव्हर. सगळी दारं उघडी ठेवून, कापसाचा बोळा भिजवून गमावर दाबून ठेवायचा, वरून प्लास्टिकचा तुकडा लावायचा म्हणजे उडत नाही. पाच मिनिटांनी उचलून चोळा. रंगवाल्याकडचा थिनर सगळ्यात जोरदार, पण तो गाडीचा रंग, काचेभोवतीची रबरी बीडिंग आणि डॅशबोर्ड तिन्ही खातो. म्हणून माझा नियम असा आहे की थिनर कापडाच्या बोटभर टोकाला लावायचा, काचेवर ओतायचा नाही. कडेपासून दोन बोटं तरी लांब राहायचं, कारण पुढच्या काचेच्या कडेतून थिनर मधल्या प्लास्टिकपर्यंत मुरला तर तिथे पांढरट फुगवटा येऊ शकतो आणि तो परत बसत नाही. शाळेच्या व्हॅनला, ई-रिक्षाला काचेच्या जागी ॲक्रिलिक शीट बसवलेली असते. तिथे थिनर किंवा ॲसिटोन लागला की शीटमध्ये जाळं पडतं. नखाने टकटक करून पाहा. काचेचा आवाज खणखणीत येतो, शीटचा बोदा.

चिकट, ओला गम उरला असेल तर त्यावर गमच वापरा. रुंद ब्राऊन टेपचा तुकडा गमावर घट्ट दाबायचा आणि झटक्यात उचलायचा. काचेवरचा गम टेपवरच्या गमाला धरून येतो. इथे झटका चालतो, कारण शीट उरलेली नसते. दहा-बारा वेळा केलं की जागा जवळजवळ मोकळी होते आणि तेल-स्पिरिट कमी लागतं. पैसे न खर्चता होणाऱ्या उपायांत हा मला सगळ्यात आवडतो.

आणि मग पत्ती. ती शेवटी, आणि फक्त पुढच्या काचेवर. बाजूच्या काचांवर मी पत्ती टाळतो. कडक करताना त्या काचा भट्टीत रोलरवरून जातात आणि कधी कधी काचेचे अगदी बारीक कण पृष्ठभागावर चिकटून राहतात. पत्ती त्यांना उपटून काचेवरून ओढत नेते आणि लांब ओरखडे उठतात. पुढच्या काचेला हार्डवेअरमध्ये मिळणारा पकडीचा स्क्रॅपर आणि नवी पत्ती घ्या. दाढीचं अर्धं ब्लेड वाकतं, बोट कापतं आणि त्याचं टोक काचेत रुततं. काच साबणाच्या पाण्याने ओली हवीच, कोरडी पत्ती कधीही चालवू नका. पत्ती साधारण ३० अंशांवर तिरपी धरून पुढे ढकला, उचला, पुसा, पुन्हा पुढे ढकला. मागे ओढायची नाही. मागे ओढताना तिच्याखाली कण अडकतो. कानही उघडे ठेवा. पत्ती नीट चालत असेल तर सर्र असा ओला आवाज येतो. करकर ऐकू आली की तिथल्या तिथे थांबा, काच पुन्हा धुवा, पत्ती बदला. पत्ती दोन रुपयांची, काच हजारोंची.

काय वापरू नये तेही सांगतो, कारण घरातल्या मोठ्या माणसांचा सल्ला प्रेमाचा असतो पण भांडी आणि काच यांत फरक आहे. चुलीची राख नको, तिच्यात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात. तारेची घासणी नको. हिरवी घासणी तर मऊ वाटते म्हणून जास्त फसवते, तिच्यात काचेपेक्षा कठीण अशी घासपूड असते. पॉलिश पेपर नको. संडास धुवायचं ॲसिड गमाला काही करत नाही, रंग आणि लोखंड मात्र खातं.

बाजूच्या फिल्मकडे येऊ. ती जांभळी झाली कारण स्वस्त फिल्ममध्ये रंग मिसळलेला असतो आणि उन्हाने त्यातले काही रंग आधी उडतात, जांभळा मागे राहतो. फिल्म काढून टाकताय हे चांगलंच करताय. सुप्रीम कोर्टाने २०१२ साली काचांवर काळी फिल्म चिकटवायला मनाई केली. कंपनीतूनच येणाऱ्या काचेतून पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूंनी किमान ५० टक्के उजेड आत यायला हवा, असा नियम आहे.

फिल्मचा गम काचेवर पसरलेला असतो म्हणून ती कोरडी ओढली की वरचा पापुद्रा निघतो आणि सगळा गम मागे राहतो. इथे उन्हाची मदत घ्या. मिरची-टरबुजाला वापरलेल्या मल्चिंग पेपरचा, म्हणजे वाफ्यावर अंथरायच्या एका बाजूने काळ्या प्लास्टिकचा, उरलेला तुकडा शेतात सापडेल. तो धुऊन काचेच्या मापाने कापा. काच बाहेरून साबणाच्या पाण्याने ओली करून काळी बाजू तुमच्याकडे दिसेल असा हा कागद बाहेरून चिकटवा. आतून फिल्मवर साबणाचं पाणी भरपूर फवारा आणि वरून साधं प्लास्टिक लावा, म्हणजे वाळत नाही. गाडी तासभर उन्हात ठेवा. तापलेली काच गम मऊ करते, ओलावा फिल्मच्या कडेतून आत शिरतो. हिवाळ्यात दोन तास लागतील. मे महिन्यात सकाळच्या उन्हात अर्धा तास बस आहे. गाडी बंद असताना आत कुणी बसायचं नाही, लेकरं तर अजिबात नाही. नंतर दारं उघडा, हवा जाऊ द्या, काच थोडी खाली घेऊन वरची कड मोकळी करा आणि कोपरा उचलून मघाशी सांगितलं तसं मागे दुमडत सोला. सोलत असताना दुसऱ्या हाताने फटीत पाणी फवारत राहा. मोठमोठ्या पट्ट्यांत निघेल. बाजारात अमोनियावालं काच क्लीनर मिळतं, ते फवाऱ्यात जास्त काम करतं, पण बंद गाडीत त्याचा वास छातीत बसतो. दमा असेल तर घेऊच नका.

मागच्या काचेवर आतून तपकिरी आडव्या रेघा आहेत का ते पाहा. त्या धुकं घालवायच्या तारा आहेत. त्या काचेत पुरलेल्या नसतात, आतल्या पृष्ठभागावर चांदीमिश्रित रंगाने छापून भाजलेल्या असतात. एक रेघ एका जागी तुटली की ती अख्खी रेघ बंद. काम सुरू करण्याआधी, काच धुकटलेली असेल अशा सकाळी बटण दाबून कोणत्या रेघा चालतात ते बघून घ्या, म्हणजे नंतर शंका राहत नाही. इथे पत्ती नको, स्क्रॅपर नको, थिनर नको. फिल्म सोलताना रेघांच्या दिशेने, म्हणजे आडवी सोला, वरून खाली नाही. उरलेला गम कापूस आणि स्पिरिटने, तोही आडव्या हाताने. एखादा ठिपका हटत नसेल तर जुन्या एटीएम कार्डाची कड वापरा. फिल्मवर जी अक्षरं आहेत ती वेगळी काढत बसू नका, फिल्मसोबतच निघतील.

डॅशबोर्डच्या वर काचेला मोबाईल स्टँड किंवा काही फोमच्या डबल टेपने चिकटवलं असेल तर ते उपटू नका. मासे धरायच्या गळाचा नायलॉन धागा फोमच्या मागून घालून करवतीसारखा मागे-पुढे ओढा, फोम मधून कापला जातो. मागे राहिलेल्या थराला तेल आणि वेळ.

दोन स्टिकर मात्र घाईत काढू नका. एक फास्टॅग. तो आधीच्या मालकाच्या खात्याला आणि गाडी क्रमांकाला जोडलेला असतो. त्याने आधी आपल्या बँकेकडून तो बंद करून घ्यावा, मग तुमच्या नावाने नवा येईल. जुना सोलला की त्याच्या आतली तार तुटते आणि तो पुन्हा चालत नाही. सोलून दुसऱ्या गाडीला लावण्याचा विचारही करू नका. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गाच्या टोलवर फास्टॅग बंधनकारक आहे आणि तो नसेल तर टोल जास्त भरावा लागतो. दुसरा म्हणजे नव्या सुरक्षित नंबर प्लेटसोबत येणारा, काचेच्या आतून डाव्या कोपऱ्यात लावलेला नोंदणी क्रमांकाचा स्टिकर. डिझेलच्या गाडीला तो केशरी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा असतो. तो गाडीच्या नोंदणीचाच भाग आहे आणि काढायला गेलं की फाटून नष्ट व्हावा असाच बनवलेला आहे. तुमच्या बोलेरोला तो असेल तर त्याच्या चारही बाजूंना कागदी टेप लावून झाका आणि मगच बाकीची काच धुवा.

सगळं निघालं असं वाटलं की काचेवर तोंडाने वाफ सोडा. गम किंवा तेल राहिलं असेल तिथे वाफ वेगळी बसते आणि डाग लगेच दिसतो. तेल पूर्ण जायला हवं, नाहीतर पहिल्या पावसात वायपर ते काचभर पसरवेल. साबणाच्या पाण्याने दोनदा, मग स्पिरिटच्या कापडाने एकदा. शेवटचं पाणी कोणतं, यालाही महत्त्व आहे. आमच्याकडे पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने काच धुतली की वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. लोकांना वाटतं गम राहिला, आणि ते पुन्हा घासायला लागतात. शेवटचा हात पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने द्या, दोन तांबे पुरतात. ठिपके आधीच बसले असतील तर व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून कापड भिजवून दहा मिनिटं ठेवा. व्हिनेगरने चुनखडीचे डाग सुटतात, गम सुटत नाही.

कधी कधी सगळं स्वच्छ होऊनही जुन्या नावाची छाया तिरप्या उजेडात दिसते. तो गम नाही. अक्षरांखालची काच इतकी वर्षं झाकलेली होती आणि आजूबाजूची ऊन, क्षार, वायपरने झिजली, त्यातला तो फरक आहे. सेरियम ऑक्साइडच्या पावडरने ओल्या फेल्टवर हलकं पॉलिश केलं तर छाया बरीच कमी होते. हे घरी करू नका, काच तापते आणि एका जागी जास्त वेळ मशीन राहिलं तर वर सांगितलेला खळगा पडतो. ड्रायव्हरच्या नजरेच्या आड असेल तर ती छाया राहू द्या.

निघालेल्या शीट आणि फिल्मचे तुकडे पेटवू नका. पीव्हीसी जळताना जो धूर निघतो तो घशाला आणि डोळ्यांना लागतो. गोठ्याजवळही टाकू नका, गुरं गम लागलेलं प्लास्टिक चघळतात. पिशवीत बांधून तालुक्याच्या घंटागाडीत द्या.

पुन्हा नाव किंवा गजानन महाराजांचं रेडियम लावायचं असेल तर मागच्या काचेच्या बाहेरच्या बाजूने, वरच्या कोपऱ्यात लावा. पुढच्या काचेवर ड्रायव्हरसमोर काहीच नको. आणि शीट तडकायच्या आत, अजून मऊ असतानाच बदला, एका ओढीत निघते. मागच्या काचेला त्या रेघा आहेत की नाहीत आणि असतील तर किती चालतात, तेवढं पाहून सांगा जी. एखादी आधीच तुटलेली असेल तर ती वीजवाहक रंगाने जोडता येते, पण फिल्म आणि गम पूर्ण निघाल्यावरच.